आमच्या घराण्याचे पाय

"बघा! दुसऱ्यांदाबी चांगलाच आला." साखराबाईंनी रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर आपटला. "नसा चांगल्या, रक्त चांगलं, साखर चांगली. आता हिच्या तोंडावर सांगा, नाटक करती म्हणून."

त्यांची नात उज्वला मान खाली घालून बसली होती. चपला काढून तिने तळवे गार फरशीवर टेकवले होते. लातूरच्या नीटच्या क्लासात ती हुशार मुलांच्या पहिल्या बॅचला होती. दिवाळीनंतर पाय जळायला लागले. आधी तळवे, मग घोटे. नुसतं पांघरूण लागलं तरी चटका बसायचा. खोलीवरच्या मुली म्हणाल्या, टेन्शन आहे. सर म्हणाले, डॉक्टरकीचा अभ्यास झेपत नाही, दर वर्षी अशा दोन-चार निघतात. आजी निलंग्याहून एसटीने आली ती ठरवूनच. ह्या डॉक्टरांनीही काही नाही म्हटलं, की पेटी उचलायची, घरी यायचं आणि औशाचं स्थळ बघायचं. घरात साखराबाईंच्या पुढे कुणी बोलत नसे. उज्वलाचा बापही नाही.

"आजी, नसा तपासायचं हे मशीन फक्त जाड नसा बघतं," डॉक्टर मल्लिकार्जुन म्हणाले. "गरम, गार, टोचणं कळतं ते केसाहून बारीक नसांना. त्या बिघडल्या तरी रिपोर्ट चांगलाच येतो."

"मंग एवढं मोठं मशीन काय पूजेला ठिवलंय?"

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टाचणी काढली आणि उज्वलाला डोळे मिटायला सांगितले. तळव्याला कधी टोक लावलं, कधी बोथट डोकं. कुठलं काय, तिला सांगता येईना. घोट्यावर ती अडखळली. गुडघ्याला मात्र लगेच "टोचलं" म्हणाली.

"घ्या!" साखराबाईंनी टाळी वाजवली. "जळतंय म्हणती, आन् टोचलेलं कळत न्हाई म्हणती. अगं, दोन्हीतलं एक तरी खरं बोल."

"दोन्ही खरं हाय, आज्जी."

"दोन्ही खरंच असतं," डॉक्टर म्हणाले. "बारीक नसा मरायला लागल्या की असंच होतं. खात्री करायला पायाच्या कातडीचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला पाठवू. घरच्यांची परवानगी लागेल. कधी कधी हे घराण्यातच असतं."

"घराण्यात?"

साखराबाई उठून उभ्या राहिल्या.

"भूकंपात घर बसलं तवा हिच्या बापाला मी ढिगाऱ्यातून काढलं. अनवाणी. तळव्यात काचा घुसल्या, हूं का चूं केलं न्हाई. अख्खं गाव आजपतूर सांगतंय. आन् तुम्ही आमच्या घराण्याच्या पायांला नावं ठिवता? ह्या आजकालच्या पोरींला जराबी कळ सोसत न्हाई, ते बोला की." त्यांनी लुगड्याचा काठ वर घेतला आणि पाय स्टुलावर ठेवून पुन्हा बसल्या. "टोचा मला. मी डोळे मिटते. टोचलं की सांगते. मी बरोबर सांगितलं, की ही खोटी. मंग कातडीबितडी काय न्हाई, हिला घिऊन मी चालले."

उज्वलाने आजीच्या पायाकडे बघितलं आणि चपला पायात सरकवायला घेतल्या. आजी हरलेली तिने कधी बघितली नव्हती.

डॉक्टर खाली वाकले. साखराबाई डोळे मिटून ताठ बसल्या. टाचणी तळव्याला लागली, मग टाचेला. डॉक्टरांनी आजींच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि जरा जोर दिला. टाचणी पावलावर आली, घोट्यापाशी आली. तिथे रक्ताचा बारीक थेंब वर आला. उज्वलाचा हात तोंडावर गेला.

"अवो डॉक्टर," डोळे न उघडताच साखराबाई म्हणाल्या, "म्हातारी हाय म्हणून भिऊ नका. टोचा की आता."