नारळी पौर्णिमेचा नमुना

“अष्टमीला बोलवा तपासनीच्या सायबान्ला,” जनू म्हणाला. “तवा भांग असतो, भरतीला जोर नसतो. पानी हलत नाय, घान जाग्यावर ऱ्हाते.”

पद्मजाच्या कात्रपच्या फ्लॅटमध्ये जनू कोळी आता पाहुणा राहिला नव्हता. येताना खाडीचं पाणी बाटल्यांत भरून आणायचा, आणि पद्मजासाठी चिंबोऱ्या. पद्मजा कॉलेजात शिकवायची. भरती-ओहोटी, तळाची खोली, पाण्यातला ऑक्सिजन असं सगळं घालून तिने कॉम्प्युटरवर अख्खी उथळ खाडी उभी केली होती. पाणी जिथे सडणार, तिथे पडदा लाल व्हायचा.

खाडीत रिकामे होणारे टँकर मोरिवलीच्या कुठल्या कारखान्याचे, हे तिच्या नवऱ्याने, अनीशने स्वतःहून सांगितलं होतं. तो तिथेच मॅनेजर होता.

“नोकरी जाईल सायेब तुमची,” जनू म्हणाला.

“जाऊ दे,” म्हणत अनीशने जनूच्या कपात आणखी चहा ओतला. असा माणूस भेटायला नशीब लागतं, असं जनू गावभर सांगत फिरायचा.

जनूच्या तक्रारीवरून तपासणीला अधिकारी एकदाच येणार होते. नमुना स्वच्छ निघाला की तक्रार बंद, आणि जनूची मासेमारीही. जाळ्यात हल्ली मेलेलंच जास्त यायचं.

“अष्टमी नको, पौर्णिमा,” पद्मजा म्हणाली. “उधाणाला तळाचा गाळ उसळतो. वर्षाचं विष वर येईल.”

“उधानाला तं खाडी धुवून निंगते, ताय.”

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. सगळी खाडी लालभडक. जनू बघतच राहिला. त्यात नारळी पौर्णिमा, म्हणजे सगळं गाव नटूनथटून काठावर. साक्षीला आणखी काय पाहिजे? बिचाऱ्याने मान डोलावली.

पौर्णिमेला गावाने वाजतगाजत नारळ सोडला आणि त्याच पाण्यातून अधिकाऱ्यांनी बाटली भरली. पाणी स्वच्छ निघालं.

जनू कात्रपला आला तो हात जोडूनच. गावात त्याला कुणी तोंडही दाखवू देत नव्हतं.

“तुमचं नाव कुनाला सांगलं नाय, सायेब. नोकरी तरी वाचली तुमची.”

पद्मजाने ओढणी डोळ्यांना लावली. डबाभर शिरा देऊन त्याला लिफ्टपर्यंत सोडून आली.

दार लागलं तसं अनीशने विचारलं, “कारखान्यात टाक्या तुडुंब भरल्यात. टँकर कधी काढू?”

पद्मजाने लॅपटॉप उघडला.

“अष्टमीला,” ती म्हणाली. “जनूदादांच्या काठावरून थेंबही पुढे सरकणार नाही.”