तीन नंबरची वाटी

या माउली, जरा पुढे सरकून बसा. एक गोष्ट सांगायची आहे.

आपल्या कीर्तनात झांज धरणाऱ्या वासंतीताईंना कॅन्सर झाला. त्यांच्या गाठीचा एक कण पुण्यात खराडीच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या अर्शियाने जोपासला. सहा वाट्यांत इवल्या इवल्या गाठी वाढल्या, कोणतं लागू पडतं ते पाहायला प्रत्येक वाटीत वेगळं औषध घातलं. फक्त तीन नंबरच्या वाटीतल्या गाठी मेल्या.

ताईंचं थकलेलं शरीर एकच औषध सोसणार होतं. डॉक्टरांनी तीन नंबरचंच निवडलं.

आज सकाळी ताईंना सलाईनमधून ते सुरू झालं, आणि अर्शियाने सहज वाट्या पुन्हा भिंगाखाली धरल्या.

तीन नंबरच्या गाठी जिवंत होत्या. टपोऱ्या. बाकी पाचही वाट्यांतल्या मेल्या होत्या.

वाट्यांवरचे आकडे तिच्याच अक्षरातले, जागच्या जागी.

तिने घाईने ताईंना फोन लावला.

"संपली बाई एकदाची बाटली! तुझ्या शब्दावर हात पुढे केला हं मी," म्हणत ताई खळखळून हसल्या.

त्या हसण्यासरशी, भिंगाखाली, तीन नंबरच्या गाठी हसल्यासारख्या गदगदल्या.

माउली, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा आमच्या वासंतीताईंची तेवढी आठवण ठेवा.