खालच्या रॅकच्या ऑर्डरी

"गुणाबाईच्या वाट्याला शिडी का येत नाही?" भाविकने स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

तो मुंबईच्या हेड ऑफिसातून आला होता. वडप्याच्या गोदामातल्या खुर्चीवर बसण्याआधी त्याने रुमाल अंथरला, तेव्हाच जुबेरला कळून चुकलं की हा माणूस इथला चहा घेणार नाही.

"येत असेल की," जुबेर म्हणाला. "बॅच तर कॉम्प्युटरच बनवतो."

ते खरं होतं. सकाळपासून दुकानदारांच्या ऑर्डरी येत. एका फेरीत एकाच बाईला माल काढता येईल अशा ऑर्डरी कॉम्प्युटर एकत्र करी आणि ती बॅच तिच्या नावावर टाकी. कुणाला खालचे रॅक, कुणाला शिडी चढून वरचे. त्यात दया नव्हती आणि डूखही नव्हता.

"कॉम्प्युटर बनवतो, मग कुणीतरी हाताने मोडतं," भाविक म्हणाला. "वरच्या रॅकच्या ऑर्डरी या बाईच्या बॅचमधून काढतं आणि दुसऱ्यांच्या गळ्यात घालतं. रोज. या टेबलावर कोण कोण बसतं?"

"मी आणि दिशा."

"पासवर्ड?"

"दोघांचा एकच."

तो स्क्रीनच्या कडेला कागदावर लिहून चिकटवलेलाही होता. भाविकने त्याच्याकडे ताटात केस निघावा तसं पाहिलं.

"नात्यातलं म्हणावं, तर एका घरातली दोन माणसं कंपनी ठेवत नाही. म्हणजे कुणाला तरी या म्हातारीचा पुळका आलाय."

तेवढ्यात बाहेरून दिशाचा आवाज चढला.

"गुणाबाई, पायांना मेंदी लावून आलीस काय? घरी सुनेला राबवत असशील, इथं स्वतःला राबावं लागतं. चल, उचल."

बायका फिदीफिदी हसल्या. गुणाबाईही पदराआड हसली. हसणार नाही तर काय करणार बिचारी.

जुबेरच्या कपाळाची शीर तडतडली. आईच्या वयाच्या बाईला अरेतुरे. ही पोरगी त्याला पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको होती. हिच्या घरात मोठं माणूस नसणारच, असतं तर जिभेला वळण लागलं असतं. त्याने तिच्याशी बोलणं कामापुरतं ठेवलं होतं, आणि कामातही शक्यतो मान हलवून भागवत असे.

भाविकनेही ऐकलं होतं. "ही तर नव्हे," तो म्हणाला. "बरं, म्हातारीच्या उपवासाला खजूर कोण आणून देतं?"

जुबेर म्हणाला, "माणुसकी म्हणून देतो, साहेब."

"माणुसकी." भाविकने हा शब्द तारीख उलटून गेलेल्या डब्यासारखा उच्चारला. "उद्या सकाळी खरं काय ते लिहून द्या. नाहीतर राजीनामा द्या. मी इथेच आहे."

तो बाहेर गेला तसा जुबेरने दिशाला गाठलं.

"बॅचला हात तू लावलास?"

"मी?" तिने मानसुद्धा वर केली नाही. "झाडू मारायच्या लायकीची बाई ठेकेदाराने आपल्या गळ्यात मारलीय. तिच्यासाठी मी कशाला हात खराब करू?"

जुबेरला लख्ख दिसलं. हिनेच केलं होतं. त्याचे खजूर पाहूनच केलं होतं. तो गेला की खुर्ची हिची. इतका घाणेरडा डाव, आणि तोही एका गरीब बाईच्या आडून. त्याला तिची किळस आली.

गुणाबाई खालच्या रॅकपाशी बसून साबणाचे खोके सरकवत होती.

"मावशी, दिशा तुम्हाला कशी बोलते ते साहेबांना सांगा ना."

"न्हाय रं बाबा. वरडणं तिचं काम हाय."

"तुम्ही घाबरता तिला."

"तिला?" गुणाबाईच्या ओठांवर काहीतरी आलं आणि परत गेलं. "घाबरते तर. समदीच घाबरतात."

मागे दिशा येऊन उभी राहिली होती. जुबेर तिथून निघाला.

त्याने घरी फोन लावला. कुबराने सगळं ऐकून घेतलं. या वयात नवऱ्याला दुसरीकडे कोण उभं करणार, हे तिला सांगावं लागलं नाही.

"कामावर कशाला विचारता?" ती म्हणाली. "तिच्या घरी जा. बाई आपल्या घरात खरं बोलते."

शिफ्ट सुटल्यावर थोडा वेळ जाऊ देऊन जुबेरने बाईक अंजूरच्या रस्त्याला घातली. गोदामांच्या पत्र्यांमधून मध्येच भाताचं एखादं खाचर दिसत होतं. वाटेत तो बोलायचं घोकत राहिला. मावशी, माझी रोजीरोटी तुमच्या एका शब्दावर आहे. त्या बयेने आपल्या दोघांना वापरलं. सकाळी माझ्याबरोबर साहेबांसमोर चला. मी कधी तुमच्यासाठी काही बदललं नाही आणि ती तुम्हाला कुत्र्यासारखी वागवते, एवढंच सांगा. पुढचं मी बघतो. मग ती उद्या गेटबाहेर कशी उभी राहील ते त्याने मनात पाहिलंही, आणि त्याला बरं वाटलं.

पाणी भरून निघालेल्या एका बाईने शेवटचं घर दाखवलं. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. जुबेरने चपला काढल्या, टोपी नीट केली आणि कडी वाजवली.

दार दिशाने उघडलं. तिच्या दोन्ही हातांना मनगटांपर्यंत तेल लागलं होतं. मागे खाटेवर गुणाबाई पाय लांब करून बसली होती, आणि तिचे सुजलेले गुडघे तेलाने चकाकत होते.

दिशा त्याच्याकडे पाहत राहिली. मग मान न वळवता, त्याने कधीच न ऐकलेल्या आवाजात ती आत म्हणाली,

"आई, लुगडं जरा खाली घ्या. जुबेरभाई आलेत."