तीन की चार

परीक्षेचा पेपर काढणाऱ्यांना सरकार डोंगरातल्या एका हॉटेलात कोंडून ठेवतं. परीक्षा संपेपर्यंत फोन नाही, घरी निरोप नाही, खिडक्यासुद्धा बंद. बरोबर उत्तराला खेटून बसेल असा चुकीचा पर्याय लिहिणं, हे तिथलं माझं काम. उताऱ्यातला म्हातारा न आलेल्या मुलाबद्दल म्हणतो, "गाडी चुकली असेल." प्रश्न : त्याच्या मनात काय आहे? पर्याय तीन, रुसवा. पर्याय चार, समजूतदारपणा. छपाईआधी प्रश्न तपासणाऱ्या प्यो बाई वैतागल्या. "दोन्ही बरोबर वाटतात हो, सर. कोरियाभरची पोरं शिव्या घालतील." मी म्हणालो, "उतारा नीट वाचा. उत्तर एकच निघतं." त्याच दुपारी बाबा गेल्याचं कळलं. अंत्यदर्शनापुरतं मला सोडलं, सोबत पोलीस देऊन. दवाखान्याच्या शोकगृहात तो माझ्या शेजारीच, भेटायला येणाऱ्यांना वाढतात तो रस्सा-भात जेवत, आमचं बोलणं ऐकत बसला. "आलास एकदाचा! होतास कुठे, दादा?" धाकटी उन-जू म्हणाली. पोलिसाचा चमचा थांबला. "सांगता येत नाही," मी म्हणालो. "बाबा शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. मग म्हणाले, 'त्याला कामं असतील.'" "कसं म्हणाले? रागाने?" "म्हणाले, झालं. आणि कूस बदलली." मी परतलो तेव्हा प्यो बाई पेपर घेऊन जिन्यातच उभ्या होत्या. "तुमचंच खरं, सर. पुन्हा वाचलं. उत्तर एकच निघतं." "कुठलं?" मी विचारलं.