निदान पोरगी तरी

घोटावड्याच्या कंपनीतली शिफ्ट, घरचा स्वयंपाक, सासऱ्यांचं दुखणं. या सगळ्यातून गौतमीने ठरवून एक तास स्वतःसाठी काढला. पौर्णिमेला लेकीला घेऊन विहारात ध्यानाला बसायचं, दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही. सातवीतल्या मोनिकालाही शांत बसायची सवय लागेल.

दोघी चटईवर टेकल्या, तोच विहारातला स्वयंपाक बघणाऱ्या आक्काबाई आल्या. "गौतमे, बरं झालं आलीस! खीर बुडाला लागतीय, जरा ढवळ."

"आज न्हाई आक्का. आज मी बसणार हाय."

"मग कोण ढवळंल? ही बापय माणसं?"

गौतमी मागच्या चुलीकडे जायला उठली. "तू बस गं, अजिबात उठू नको," एवढंच ती मोनिकाला म्हणाली.

भिंतीपलीकडून भन्तेजींचा आवाज आला, "आता सगळी कामं मनातून बाजूला ठेवा." धुराने चुरचुरणारे डोळे पुसत गौतमी खीर ढवळत राहिली. निदान पोरगी तरी बसलीय, म्हणून तिला जरा बरं वाटलं.



तेवढ्यात मागून मोनिकाचा हात पुढे आला. "आई, दे ती पळी. मी ढवळते, तू जाऊन बस."