आधी आलेला पडसाद

केस पिकले तरी काकांचं जुन्या रॉक गिटारवाल्यांचं खूळ काही गेलं नव्हतं. तसाच घुमणारा सूर हवा म्हणून त्यांनी टेपवर चालणारं जुनं एको मशीन खटपट करून दुरुस्त केलं आणि तरुणपणीची गिटार त्याला जोडली.

पडसाद स्वच्छ उमटला. पण काकांनी अजून तारेला हातही लावला नव्हता.

“टेप उलटी बसली वाटतं,” मशीनमधून त्यांचाच आवाज आला. जुनी गिटार जवळचं बोलणंही पकडते, हे त्यांना ठाऊक होतं. पण हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं ते त्यानंतर.

मग मशीनमधून कप फुटल्याचं ऐकू आलं. पाठोपाठ काकूंचा रडवेला आवाज आला, “अहो, डोळे उघडा ना.”

काकांनी मान वळवली. हातात भरलेला कप घेऊन काकू नुकत्याच दारात आल्या होत्या.