भिंतीवरचा डौल

"शेवटची ओळ वाचा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

अक्षरकारांनी घसा खाकरला. तक्त्यावर त्यांना नुसता काळा धूर दिसत होता.

"ही अक्षरंच बेढब आहेत," ते म्हणाले. "वाचावीशी वाटत नाहीत."

मागे बसलेल्या बायकोने कपाळाला हात लावला. मोतीबिंदू पिकलाय हे तिलाच काय, दूधवाल्यालाही ठाऊक होतं. परवा यांनी चहात मीठ घातलं आणि चूक लपवायला कपभर पिऊनही टाकला. पण ऑपरेशनला ते तयार होत नव्हते. जन्मभर डोळ्यांवर पोट भरलं; नेमकं तिथेच काही कमीजास्त झालं तर? अक्षरं संपली की आपण संपलो, असं त्यांना मनापासून वाटायचं. ते हे कुणाला सांगत नसत. दुसऱ्यांच्या अक्षरांना नावं ठेवत.

त्यांचं स्वतःचं अक्षर म्हणजे 'डौल'. बोरूच्या वळणाचा, लफ्फेदार फॉन्ट. लग्नपत्रिकांवर डौल, अत्तराच्या बाटल्यांवर डौल, दागिन्यांच्या डब्यांवर डौल. ढेकणांच्या औषधावरही होता. पण तो विषय ते काढत नसत.

आणि एकदम त्यांना आठवलं. गेल्या वर्षी बायकोच्या चष्म्यासाठी ते इथेच आले होते. तेव्हा दाराशेजारी फलक होता, 'डोळे जपा', चक्क डौलमध्ये. त्या दिवशी त्यांनी कंपाउंडरपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत एकेकाला गाठून 'हा फॉन्ट माझा' असं ऐकवलं होतं. आजही तिथे तो लखलखीत चौकोन दिसत होता.

"हा तक्ता राहू द्या. तो तिकडचा फलक वाचतो, इतक्या लांबून!" ते तिकडे वळून ताठ बसले. "'डोळे जपा'. 'ड'चं पोट बघा. जरा जास्तच सुटलंय, कबूल."

डॉक्टरबाई काही बोलणार, तोच बायको म्हणाली, "थांबा. होऊ दे त्यांचं."

अक्षरकारांना आणखी चेव आला. "वरच्या मात्राही विस्कटल्यात थोड्या. पण ऐट बघा ऐट! इतकं देखणं काम आता होत नाही." त्यांनी विजयी मुद्रेने मान फिरवली. "काय, दिसतं ना मला?"

डॉक्टरबाईंनी बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली.

"तो फलक आम्ही कधीच काढला हो," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "पेशंटना वाचता येत नव्हता. चष्म्याच्या फ्रेम लावून बघायला आता तिथे आरसा बसवलाय."

अक्षरकार त्या चौकोनाकडे बघत राहिले. भीती वाटली, आणि मेलं हसूही आलं. बायकोचा हात खांद्यावर होता.

"ऑपरेशनची तारीख द्या," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "पोट खरंच इतकं सुटलंय का गं?"